अनुभव धागा : छोट्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा

गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं, जिल्हे दोनच : चंद्रपूर आणि गडचिरोली. अशा छोट्या विद्यापीठांत फक्कीच्या ट्रॅकवरून आंतरविद्यापीठ संघ निवडायची वेळ येते, तेव्हा आखणीतली चूक थेट मुलांना भोवते. ज्यांनी ही कामं केलीत त्यांनी नेमकं लिहा.

आखणीवाले
ट्रॅकच्या आतल्या कडेला कर्ब, म्हणजे उंच कड, नसेल तर वक्राची त्रिज्या 36.60 मीटर, 36.50 नाही. छापील तक्ते कर्बच्या ट्रॅकचे असतात. ते डोळे झाकून वापरले की पहिली लेन 63 सेंमी कमी भरते. 400 मीटरला दुसऱ्या लेनचा स्टॅगरही, म्हणजे सुरुवातीची रेषा पुढे सरकवायचं अंतर, मग 7.04 मीटर नाही, 7.67 घ्यायचा. लेनच्या 1.22 मीटर रुंदीत उजवीकडची रेषा धरतात, डावीकडची नाही. कापडी टेप ताणला जातो, स्टीलचाच घ्या. वक्र मारायला तार वापरा. सुतळी दवात आखडते. वक्राच्या मध्याचा खुंटा स्पर्धा संपेपर्यंत उपटू नका, रात्री पाऊस झाला तर सकाळी तोच वाचवतो.

टाइमकीपर
घड्याळ स्टार्टरच्या पिस्तुलाच्या धुरावर दाबायचं, आवाजावर नाही. 100 मीटर यायला आवाजाला साधारण 0.3 सेकंद लागतात, म्हणजे तेवढी वेळ फुकट चांगली दिसते आणि मुलगा आंतरविद्यापीठला पहिल्याच हीटमध्ये उघडा पडतो. फार वाईट वाटतं ते बघताना. हातघड्याळावर 11.32 आलं तर नोंद 11.4. तीन घड्याळं वेगवेगळी असतील तर मधली वेळ, दोनच असतील तर जास्तीची.

रिले पंच
4×100 चा बॅटन झोन, म्हणजे बॅटन बदलायचा पट्टा, आता 30 मीटर आहे, जुना 20 चा झोन अधिक धाव घ्यायला 10 असं आखू नका. 4×400 ला 20च. निर्णय बॅटन कुठे आहे त्यावर; पाय कुठेही असोत.

फेकीकडचे
सेक्टरला, म्हणजे फेक जिथे पडायला हवी त्या पाचरीला, कोनमापक नको. गोळा-थाळीला वर्तुळाच्या मध्यापासून दोन्ही रेषांवर 20 मीटर मोजा, टोकांमधलं अंतर बरोबर 12 आलं पाहिजे. टेपचं शून्य गोळ्याच्या खुणेच्या जवळच्या कडेवर, टेप वर्तुळाच्या मध्यावरून ओढायचा, आकडा वर्तुळाच्या आतल्या कडेला वाचायचा. मध्यावरून ओढला नाही तर अंतर जास्त भरतं. अपुरा सेंटिमीटर सोडून द्यायचा. मुलांचा गोळा 7.26 किलो, मुलींचा 4. झिजलेले गोळे कमी भरतात, आदल्या दिवशीच काट्यावर घाला.