मदत हवी आहे : दोन दिवस, तीन कार्यक्रम, एकच सभागृह

मंडळी, तालुक्याच्या एका कॉलेजात ऑफिसला आहे. वार्तापत्र आणि कार्यक्रमांचं वेळापत्रक यंदा माझ्या गळ्यात पडलंय.

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणामाचा शोध १९२८ मध्ये त्याच तारखेला लागला होता. त्यात भर म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले मामा २८ लाच निवृत्त होतायत. (सेवानिवृत्ती महिनाअखेरीस, आणि यंदा फेब्रुवारी २८ चाच!) सभागृह एकच. माईकही एकच, तोही मध्येच घरघरतो.

मराठी विभागाला २७ चा अख्खा दिवस हवाय, तिथे तडजोड नाही. मग विज्ञान प्रदर्शनातच मामांचा निरोप घ्यावा का? मला तरी ते शोभेलसं वाटतं. इतकी वर्षं प्रदर्शनाची टेबलं त्यांनीच मांडली. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची लोकर बांधलेली आहे. ॲसिडच्या कपाटाची लाल. पण काही जण म्हणतात, ‘उरकून टाकल्यासारखं होईल.’

दुसरं, वार्तापत्रात पीएच.डी. मिळालेल्यांना फोटोसकट अर्धं पान, आणि मामांना ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’ एवढी एक ओळ. हे मला पटत नाही. शिक्षकेतर सहकाऱ्यांवर तुमच्याकडे कसं लिहिता? एखादा नमुना असेल तर पाठवा. छपाईला सोमवारी द्यायचंय.