बारावीनंतर जर्मनीत नर्सिंगचं आउसबिल्डुंग: एजंट साडेचार लाख मागतोय, द्यावेत का?

कळवा_सिस्टर
नमस्कार मंडळी. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली नर्स, ठाण्यात एका खासगी नर्सिंग होममध्ये बावीस वर्षं झाली. लेक यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबी ग्रुप. नीटचे मार्क सरकारी सीटपर्यंत पोचत नाहीत आणि खासगी एमबीबीएस म्हणजे कळव्यातला वन बीएचके विकूनही भागायचं नाही. बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिलीय. मध्ये मैत्रिणीबरोबर वाशीला कसल्याशा सेमिनारला गेली, आणि आल्यापासून घरात जर्मनीशिवाय विषय नाही. आउसबिल्डुंग म्हणजे तिकडचं काम करत करत घ्यायचं शिक्षण: तीन वर्षं, फी शून्य, वर महिन्याला पगार.

एजंटचे साडेचार लाख. त्यात भाषेचा क्लास, कागदपत्रं, मुलाखत, व्हिसा सगळं आलं म्हणे. दीड लाख आत्ताच भरायचे, ते परत मिळणार नाहीत. पावती मागितली तर म्हणाला, "मॅडम, विश्वास ठेवा." हे वाक्य पेशंटच्या बिलाच्या वेळी मी इतक्यांदा ऐकलंय की कान टवकारतातच.

फी नाही, पगार आहे, तर हे पैसे नक्की कशाचे? आणि मनातलं विचारते. ही पोरगी घरात स्वतःचं ताट उचलत नाही. आपल्याकडे पेशंटचं अंग पुसणं, बेडपॅन वगैरे मावशी नाहीतर नातेवाईक करतात. तिकडे ते नर्सच करते असं ऐकलं. खरं का?

ऐरोली_ते_उल्म
काकू, खरं आहे. मी ऐरोलीचा, इथे जर्मनीत उल्म शहरात दुसऱ्या वर्षाला आहे.

आधी पैशाचं. २०२० पासून इथे नर्सिंगचा नवा कायदा लागू झाला, तेव्हापासून शाळेची फी नाहीच. मला हातात येतात साधारण अकराशे युरो, कारण पेन्शन, आरोग्य विमा वगैरे आधीच कापून जातं. होस्टेलच्या खोलीचे साडेतीनशे. पुरतं, पण घरी पाठवायला फार उरत नाही, हे सेमिनारमध्ये सांगत नाहीत. जागा शोधायला मी एजंट केला नाही. इथल्या सरकारी रोजगार खात्याच्या साइटवर जागा फुकट बघता येतात. चाळीसेक ईमेल टाकले, तीन व्हिडिओ मुलाखती झाल्या, एकाने घेतलं. चार महिने गेले, चिडचिड झाली, पण खर्च फक्त भाषेचा, व्हिसाचा आणि विमानाचा.

आता काम. तीन वर्षांत शाळेचे किमान २१०० तास आणि वॉर्डातले २५००, म्हणजे जास्त वेळ वॉर्डातच. पहिल्या आठवड्यात मला दिलं ते पायांच्या कॉम्प्रेशन स्टॉकिंगचं काम. सकाळी सहाची पाळी, एका आजींचे सुजलेले पाय, आणि तो घट्ट मोजा टाचेच्या पुढे सरकेना. घाम फुटला. आजी मात्र शांतपणे खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं आपणच. उलट सलाईनची सुई मी अजून एकदाही लावली नाही, आमच्याकडे ते डॉक्टर करतात. भारतातून चांगल्या अनुभवी सिस्टर येतात त्यांना हाच धक्का बसतो. आयसीयू सांभाळलेली बाई इथे सकाळी दात घासून देते.

आणि भाषा! क्लासमध्ये 'थोडंसं'ला 'आइन बिस्शेन' शिकलो, इथले आजोबा म्हणतात 'अ बिस्ले'. पहिले दोन महिने मी नुसती मान डोलवत होतो.

नौपाडा_उमलाउट
सिस्टर, मी पंधरा वर्षं जर्मन शिकवते, म्हणून भाषेपुरतंच बोलते. जर्मनच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. व्हिसाला बी१ चालतं, पण नर्सिंगच्या अनेक शाळा बी२ मागतात. शून्यापासून बी२ला मन लावून केलं तरी वर्ष-सव्वा वर्ष धरा. "सहा महिन्यांत बी१ गॅरंटी" म्हणणारे वीस प्रश्नांची उत्तरं घोकून घेतात. मुलगी परीक्षा काढते, आणि उल्मच्या आजोबांसमोर गप्प होते.

गोएथे संस्थेच्या जर्मन परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेत. बी१, बी२ला एखादा भाग गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो. त्यामुळे पोरी रडत आल्या की मी आधी चहा देते. गोएथेचं मुंबईतलं केंद्र, मॅक्स म्युलर भवन, काळा घोड्याला आहे, सीएसएमटीहून चालत जाता येतं. आधी ए१ करू द्या. दोन-तीन महिन्यांत तुम्हालाही कळेल की हौस आहे का खरंच जायचंय.

जुना_ठाणेकर
सगळे जर्मनी जर्मनी करताय म्हणून विचारतो. मुलीला उद्या परत यावंसं वाटलं तर? आउसबिल्डुंग म्हणजे विद्यापीठाची पदवी नाही. इथे नर्स म्हणून नोंदणीसाठी समतुल्यतेचं, म्हणजे तिकडचं शिक्षण इथल्या बरोबरीचं मानून घेण्याचं, दार ठोठवावं लागेल, आणि ते उघडेलच असं धरून चालू नका. त्यापेक्षा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग इथेच करावं, सोबत भाषा शिकावी, मग तिकडे पदवीला मान्यता घ्यावी. त्यातही परीक्षा किंवा अनुकूलन कोर्स लागतो, पण हातात डिग्री राहते. माझी पुतणी असंच करतेय.

ऐरोली_ते_उल्म
काका, मुद्दा बरोबर, मी परत येण्याचा विचार सोडूनच आलो. इथे शिकलं की दोन वर्षं नोकरी करून कायम राहण्याचा परवाना मागता येतो, माझा हिशेब तो होता. ज्याला दोन्ही दारं उघडी हवीत त्याने बीएस्सीच करावं.

काकू, एक राहिलं. लसीकरणाचं कार्ड माळ्यावरून शोधून काढा. गोवराच्या दोन डोसांचा लेखी पुरावा असल्याशिवाय इथे वॉर्डात घेत नाहीत. माझं सापडलं नव्हतं, निघायच्या आधी पुन्हा टोचून घ्यावं लागलं.

कळवा_सिस्टर
सगळ्यांचे आभार. एजंटला नाही म्हणून कळवलं, त्याचे अजून रोज तीन फोन येतात. सीईटीचा निकाल येईपर्यंत ए१ लावतोय, पुढचं पुढे बघू.

रविवारी एक केलं. सासूबाईंना व्हेरिकोजचे स्टॉकिंग आहेत, रोज मीच चढवते. लेकीला म्हटलं, आज तू. पहिल्या पायाला अकरा मिनिटं, दुसऱ्याला चार. सासूबाई मध्येच "अगं माझा पाय आहे तो, पिशवी नाही" म्हणाल्या, पण तिने सोडलं नाही. घोट्याशी वळी मात्र राहतेच. उल्मवाल्या दादा, त्याला काय करता? मलाही कधी नीट जमलेलं नाही.

ऐरोली_ते_उल्म
भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, काकू. वरून ओढायचं नाही, तळहाताने खालून वर सारायचं. आणि पाय कोरडा हवा, क्रीम आदल्या रात्री.