फोनचं व्यसन प्रार्थनेने सुटतं का?

कबुलीजबाब (धागाकर्ता)

फोन कमी करण्याचे उपाय आता सगळ्यांना पाठ आहेत. नोटिफिकेशन बंद करा, स्क्रीन काळी-पांढरी करा, ॲप काढून टाका, वेळमर्यादा लावा. उपाय वाईट नाहीत. पण ते सगळे असं धरून चालतात की माणूस स्वतःचा धनी आहेच, फक्त त्याच्या हाताशी नीट साधनं नाहीत. ख्रिस्ती विश्वासाला हेच मान्य नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात प्रेषित पौल सरळ लिहितो की जे चांगलं करायची इच्छा असते ते माझ्याकडून होत नाही, आणि जे नको तेच होतं. वेळमर्यादा संपल्याची पाटी आली की ज्यांचं बोट आपसूक 'आजच्यापुरतं दुर्लक्ष करा' वर जातं, त्यांना पौल समजावून सांगावा लागत नाही.

संत ऑगस्टिनने इसवी सन 400च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात अलिपियस या त्याच्या मित्राची हकिकत आहे. रोममध्ये मित्रमंडळींनी त्याला जवळजवळ ओढतच ग्लॅडिएटरांच्या झुंजींना नेलं. माझं शरीर न्याल, पण नजर आणि मन कसं वळवाल, असं म्हणून तो डोळे गच्च मिटून बसला. कुणीतरी पडलं, गर्दीने एकच आरोळी ठोकली, आणि नुसत्या कुतूहलाने त्याने डोळे उघडले. संपलं. तो ओरडू लागला, परत परत जाऊ लागला, पुढे तर इतरांना सोबत नेऊ लागला. ऑगस्टिनचं निदान असं की त्याचा भरवसा देवावर नव्हता, स्वतःवर होता. फोनचं 'टिंग' ही ती आरोळीच आहे, फक्त आता ती खिशातून येते.

दुसरी गोष्ट मत्तय 12मधली, आणि माझ्या मते या विषयावर बायबलमध्ये याहून नेमकं काही नाही. अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो, परत येऊन बघतो तर घर रिकामं, झाडलेलं, सजवलेलं. मग तो आणखी सात जणांना घेऊन येतो आणि माणसाची अवस्था आधीपेक्षा वाईट होते. ॲप काढून टाकणारे बहुतेक जण घर झाडून ठेवतात आणि तिथेच थांबतात. मोकळ्या झालेल्या त्या तासात काय बसवायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. विश्वासाकडे ते आहे: ठरलेल्या वेळी प्रार्थना, वचन (बायबल) वाचणं, उपासना, माणसांत जाणं, आणि याकोब 5:16 सांगतं तशी एकमेकांजवळ कबुली. म्हणून माझं म्हणणं, ही लढाई इच्छाशक्तीची नाही, कृपेची आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी मोकळेपणाने बोलावं.

शंकासुर

नाही पटत.

तुम्ही माणसाच्या आत बघताय आणि समोर बसलेल्याला मोकळं सोडताय. पान कधीच न संपणारं स्क्रोलिंग हे आभाळातून पडलेलं नाही. ते 2006मध्ये एझा रॅस्किन नावाच्या डिझायनरने बनवलं आणि नंतर त्यालाच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप झाला. बक्षीस कधी मिळेल हे अनिश्चित ठेवलं की प्राणी कळ दाबत राहतो, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवून झालंय. खाली ओढून फीड ताजं करताना आपण तीच कळ दाबतो. एका बाजूला पगारी इंजिनिअरांची फौज, दुसऱ्या बाजूला दमूनभागून घरी आलेला एकटा माणूस. आणि त्यालाच तुम्ही सांगणार की बाबा रे, तुझं पाप आहे?

दुसरं, अपराधगंडाने फोन सुटत नाही, वाढतो. वाईट वाटलं की माणूस ते विसरायला पुन्हा फोनच उचलतो.

तिसरं, तुमच्या यादीतलं कामाचं काय ते देवाशिवायही मिळतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाचंच बघा. 1935मध्ये सुरुवात करणारे दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून आलेले. पण 1939मध्ये दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या छापल्या तेव्हा 'आम्हाला जसा समजला तसा देव' एवढंच ठेवलं. ख्रिस्ताचं नाव नाही आणि तरी लोकांची दारू सुटतेय. म्हणजे काम कोण करतंय? संगत.

पाळकांची लेक

मी विश्वासणारी आहे आणि तरी धागाकर्त्याशी असहमत. शंकासुरांशीही, पण त्यांच्याकडे नंतर येते.

कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय शेवटपर्यंत वाचा. हे हाती धरू नको, ते चाखू नको, त्याला शिवू नको, असले नियम दिसायला शहाणपणाचे असतात पण देहाच्या हव्यासाला आवरायला त्यांचा काही उपयोग नाही, असं पौल म्हणतो. मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) दरवर्षी हेच बघते. लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आला की 'सोशल मीडियाचा उपवास' जाहीर होतो (जाहीर कुठे, तर सोशल मीडियावर). ईस्टरच्या दुपारी सगळे दुप्पट भुकेने परत. उपवासाने ओढ कमी झाली नाही, फक्त तारीख पुढे गेली. आणि मध्ये जो न मोडता टिकला त्याच्या चेहऱ्यावरचा तो भाव! मंदिरात उभं राहून 'मी या जकातदारासारखा नाही' म्हणणारा, स्वतःला धार्मिक समजणारा बायबलमधला परूशी आठवतो.

शिवाय आमचंच घर बघा. पहाटे पाचला वचनाचं चित्र ग्रुपवर, त्याखाली चाळीस 'आमेन'. प्रार्थनाविनंत्या फोनवर, उपासना फोनवर, गीतं फोनवर. 2008पासून चालत असलेल्या एका लोकप्रिय बायबल ॲपमध्ये सलग किती दिवस वाचलं त्याची मोजणी असते. मालिका तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला स्तोत्र उघडणारे लोक मला माहीत आहेत. शंकासुर ज्या कळीबद्दल बोलतात ती आम्ही वेदीपर्यंत आणून ठेवली आहे. 2017च्या नोव्हेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांना भर सभेत सांगावं लागलं की मिस्सेत धर्मगुरू 'अंतःकरणे उंच करा' म्हणतात, 'फोन उंच करा' नाही. आणि तक्रार फक्त सामान्य भाविकांची नव्हती, फोटो काढणाऱ्या धर्मगुरूंची आणि बिशपांचीही होती.

एक श्रोता

शंकासुर, सगळं खापर डिझाइनवर फोडता येणार नाही. इव्हाग्रियस नावाचा संन्यासी इजिप्तच्या वाळवंटात राहायचा, इसवी सन 399मध्ये वारला. त्याने भर दुपारी छळणाऱ्या एका दुरात्म्याचं वर्णन करून ठेवलंय. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो, संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते पाहायला खोलीबाहेर येतो, कुणी भाऊ भेटायला येतोय का म्हणून इकडेतिकडे नजर टाकतो, मग त्याला ही जागा नको वाटते, हे काम नको वाटतं. फोन नाही, वीज नाही, फीड नाही. अस्वस्थता तीच. ऑगस्टिननेही कबूल केलंय की शेतात सशामागे धावणारा कुत्रा दिसला किंवा पाल माशा पकडताना दिसली की त्याचं मन चिंतनातून निसटायचं. योहानाच्या पहिल्या पत्रातली 'डोळ्यांची वासना' त्याने या संदर्भात घेतली आहे.

शंकासुर

दाखला आवडला. पण त्या खिडकीने संन्याशाचा अभ्यास केला नव्हता. तो कोणत्या क्षणी कंटाळतो हे नोंदवून नेमक्या त्याच क्षणी भाऊ पाठवला नव्हता. फरक तिथे आहे.

निद्रानाश

मध्येच बोलतोय, जरा गंभीर आहे.

रात्री दोन-तीनपर्यंत फोन बघत पडायचो. मंडळीतल्या ज्येष्ठांना सांगितलं तर उत्तर आलं, प्रार्थना वाढव, उपवास कर. केलं सगळं. जमलं नाही की वाटायचं, माझा विश्वासच खोटा आहे. शेवटी एका डॉक्टरांनी नीट विचारपूस केली तेव्हा कळलं की नैराश्य आहे आणि झोप त्यामुळे जात होती. फोन हे लक्षण होतं, मूळ नव्हतं. औषध चालू झाल्यावर फोन बराच आपोआप सुटला. प्रार्थना आजही करतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेम खेळण्याचा विकार आहे, 'फोनचं व्यसन' असा वेगळा आजार नाही. म्हणजे शब्द आपण सगळे सैलपणे वापरतोय. कुणाच्या बाबतीत ती नुसती सवय असते, कुणाच्या बाबतीत एकटेपणा, कुणाच्या बाबतीत आजार. सगळ्यांना एकच वचन देऊ नका एवढंच म्हणणं.

कबुलीजबाब

@निद्रानाश, शंभर टक्के. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला परंपरा वैद्य मानते, डॉक्टरकडे जाणं हे अविश्वासाचं लक्षण कधीच नव्हतं. 'विश्वास कमी पडतोय' हे उत्तर तुम्हाला ज्यांनी दिलं त्यांनी बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांचं काम केलं, दुःखात असलेल्यालाच दोष दिला.

@शंकासुर, डिझाइन दोषी आहेच. कंपन्यांवर कायदे यावेत, मीही सही करीन. पण कायदा येईपर्यंत आज रात्री काय करायचं? आणि पाप म्हटलं की तुम्हाला दोषारोप ऐकू येतो, मला उलट ऐकू येतं. पाप म्हणजे ज्याला क्षमा असते अशी गोष्ट. 'तुझी शिस्त कमी' म्हणणाऱ्या ॲपकडे क्षमा नसते, आठवड्याचा आलेख असतो.

आता पायऱ्यांबद्दल. ख्रिस्ताचं नाव गेलं हे खरं, पण 'आपल्याहून मोठी शक्ती' राहिली आणि दुसऱ्या माणसासमोर चुका कबूल करणं राहिलं. नुसती संगत तर गुत्त्यातही असते.

@पाळकांची लेक, लेंटबद्दलचं मान्य, निष्कर्ष अमान्य. उपवास ओढ मारण्यासाठी नसतो, ती कुणीकडे आहे ते कळण्यासाठी असतो. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक थॉमस चाल्मर्स (1780–1847) सांगायचे की जुनी आसक्ती नुसतं हाकलून जात नाही, तिच्याहून प्रबळ नवी आसक्ती आली की ती जागा सोडते. 2020च्या राखेच्या बुधवारी (लेंटच्या पहिल्या दिवशी) पोप फ्रान्सिस बोलले तेही जोडीनेच: फोनपासून तुटा आणि शुभवर्तमानाशी जोडले जा. आपण पहिलं अर्धं करतो.

पाळकांची लेक

मग माझी खरी भीती सांगते. स्क्रीनटाइम कमी व्हावा म्हणून प्रार्थना करायची, म्हणजे देवालाही एक ॲप करून टाकायचं. आलेख खाली आला नाही की देव नापास. फोन तसाच राहिला तरी प्रार्थना करणार का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. पौल ज्या त्रासाला 'देहातला काटा' म्हणतो तो शेवटपर्यंत निघाला नाही, देवाला तीनदा विनवणी करूनही.

शंकासुर, तुमची राहिलेली बाकी: पोरांना गप्प करायला त्यांच्या हातात फोन आपणच देतो. त्यात सिलिकॉन व्हॅलीचा हात नसतो.

शंकासुर

हे लागलं. :)

पण कबुलीवर एक रोकडा प्रश्न. स्क्रीनचे नमुने घेऊन 'जबाबदार सोबत्याला' अहवाल पाठवणारं सॉफ्टवेअर मिळतं आणि अनेक ख्रिस्ती कुटुंबांत ते वापरतात. याकोब 5:16 म्हणजे हे? नवरा बायकोचा फोन तपासतोय, पाळक तरुण पोरांचा. याला मी कबुली म्हणणार नाही, पाळत म्हणेन.

एक श्रोता

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी लावलं तर मला गैर वाटत नाही. बाकी सहमत.

कबुलीजबाब

मोठ्यांच्या बाबतीत माझाही विरोध आहे, आणि पाळकांकडे तर असा अहवाल अजिबात जाऊ नये. त्यांच्या हातात आधीच अधिकार असतो, त्यात हे नको. दोन मित्रांनी आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकांना विचारावं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. खोटं बोलायची मुभा त्यात राहते हे मला माहीत आहे. राहू द्या.

निद्रानाश

आणि तिसरा मित्र रात्रपाळीत असेल, कामासाठी फोन चालू ठेवावाच लागत असेल, तर त्याला त्यावरून दोष देऊ नये. शब्बाथ (विसाव्याचा दिवस) माणसासाठी झाला, मार्क 2:27. माझ्याकडे आता छापील बायबल आहे, उशाशी. सध्या यिर्मया चाललाय, फार कंटाळवाणा भाग आहे मधला.