काउंटरवरच्या डिस्प्ले बॉक्ससाठी सल्ला हवा (बजेट अगदी कमी)

साबणवाली: घरी साबण करते. एका दुकानदाराने काउंटरवर वीतभर जागा दिली आहे. सहा सुगंध आहेत. छापील डिस्प्ले बॉक्स करायचाय, गिऱ्हाइकाची नजर पडेल असा. बजेट पुठ्ठ्याच्या एका साध्या बॉक्सपुरतंच. काय करू?

उजेड_हवा: ॲक्रिलिकचा स्टँड घ्या, आत एलईडी पट्टी. माझ्या स्टँडला चार वर्षं झाली, एक ओरखडा नाही.

साबणवाली: बजेट लिहिलंय हो वर.

खोकेबहाद्दर: थ्री-प्लाय (तीन थरांचा) पुठ्ठा घ्या आणि फ्लूट, म्हणजे आतला नागमोडी थर, उभी ठेवायला सांगा. आमचा पहिला लॉट आडव्या फ्लूटचा निघाला. दमट हवा लागली आणि तिसऱ्या दिवशी बॉक्सने मान टाकली. ब्रँडचं नाव जमिनीकडे, दुकानदाराचा फोन माझ्याकडे.

मॅटप्रेमी: ग्लॉसी लॅमिनेशन चुकूनही नको. माझ्या बॉक्सवर ट्यूबलाइट झकास दिसायची, नाव सोडून.

उजेड_हवा: म्हणून तर एलईडी.

फळीशास्त्र: छपाईपेक्षा फेसिंग बघा, म्हणजे एका मालाची किती पाकिटं समोर दिसतात ते. शांदों आणि सहकाऱ्यांचा 2009 चा नजर टिपणारा अभ्यास आहे. एकाच मालाची जास्त पाकिटं दर्शनी लावली की लक्ष जास्त वेळा जातं. पण लक्ष गेलं म्हणजे माल उचलला असं नाही, हेही त्यातच आहे. दोनच सुगंध ठेवा, तीन-तीन ओळींत.

मॅटप्रेमी: बरोबर. 2000 सालचा तो जॅमचा प्रयोग. 24 प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी 3 टक्क्यांनी घेतलं, 6 मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी.

खोकेबहाद्दर: अहो, ताईंकडे सहाच आहेत! तुमच्याच प्रयोगात सहावाले जिंकले. शिवाय 2010 मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले, तर जास्त प्रकार मांडण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला.

मॅटप्रेमी: मग 30 टक्के काय हवेतून आले?

खोकेबहाद्दर: त्याचा वेगळा धागा काढा. आणि फ्लूट उभी, परत सांगतो.

साबणवाली: सगळ्यांचे आभार. काल अर्धा तास काउंटरशी उभी राहिले. लोक पैसे देताना खाली बघतात, पाकिटात, सुट्ट्यांकडे. शेजारच्या उभ्या बॉक्सवरचं नाव एकानेही वाचलं नाही. एक बाई मात्र माझी वडी उचलून हुंगून गेल्या. बॉक्स रद्द. घरातला लाकडी ट्रे आडवा ठेवतेय, सहाही सुगंध, प्रत्येकाची एक वडी उघडी.

फळीशास्त्र: सहाही? फेसिंगचं काय?

उजेड_हवा: ट्रेलाही पट्टी लावता येते. फोटो टाकू का?