पायाच्या धमनीत अडथळा: एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) १.४५, मग रक्तपुरवठा ठीक आहे ना?

प्रश्न: वडील ६४, मधुमेह जुना. चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. पायाच्या अंगठ्यावर जखम आहे, ती भरत नाही. एबीआय १.४५ आला. पुढे काय?

उत्तर १: नाही, १.४० च्या वरचा आकडा दिलासा देणारा नसतो. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, बीपी मोजायचा पट्टा ती दाबू शकत नाही, म्हणून दाब खोटा जास्त दिसतो. पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून घ्या, सोबत डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी). न भरणारी जखम असल्यामुळे व्हॅस्क्युलर सर्जनकडे (रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे) याच आठवड्यात जा. बोट काळं पडलं, पू आला किंवा रात्री झोपेतही दुखलं तर त्याच दिवशी. गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, बधिर पाय भाजतो.

उत्तर २: सिलोस्टॅझॉल (चालताना पोटरी दुखते त्यावरचं औषध) कुणी सुचवलं तर आधी हृदयाची तपासणी, हार्ट फेल्युअरमध्ये ते देत नाहीत. तंबाखू, मिश्रीसुद्धा, आजच बंद.

उत्तर ३: खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना. रेशनकार्ड, आधार घेऊन अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. योजनेची पूर्वमंजुरी अँजिओप्लास्टीच्या (फुग्याने धमनी रुंद करण्याच्या) आधी लागते. आधी पैसे भरून नंतर परतावा मागण्यात माणसं अडकतात.