उपाशी राहिलं की मंत्र वाढतो: कुमार फॅण्टसीत हे कसं लिहावं?

शेवंती:
कुमारांसाठीच्या कादंबरीचा खर्डा झालाय. नायिका १५ वर्षांची. राज्याचा नियम असा की जितकं कमी खाल तितका मंत्र लांब पोचतो. अ‍ॅनोरेक्सियाचं (वजन वाढेल या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार) रूपक म्हणून हे घेतलंय, पण पहिल्या वाचकांना उपाशी राहणंच भारी वाटलं. नियम बदलू की शेवट?

ताकपिठलं:
नियम राहू द्या, निवेदकावरचा भरवसा काढून घ्या. सॅम जे. मिलर यांच्या 'द आर्ट ऑफ स्टार्व्हिंग'मधल्या (२०१७) मुलाला वाटतं की भुकेमुळे आपल्याला शक्ती मिळतात. त्या खऱ्या की उपाशी मेंदूचे खेळ, या पेचावरच पुस्तक उभं आहे. तुमच्याकडे मात्र राज्याचा कायदाच तिला दुजोरा देतोय. गोची तिथे आहे.

आणि आकडे उडवा. वजन, कॅलरी, कमरेचं माप, जेवण टाळायच्या युक्त्या, काही नको. आजारी वाचक त्याच ओळी शोधतो आणि स्वतःशी स्पर्धा लावतो.

काजळमाया:
आकड्यांबद्दल +१. त्यांच्या जागी शरीर आणा. पितळी पेला हातात धरूनही बोटं गार. फणीत केसांचा गुंता. उठताना दाराची चौकट धरावी लागते. दंडावर बारीक मऊ लव येते, ती तर फॅण्टसीत सोन्यासारखी वापरता येईल.

सुरुवातीला काहींना हलकं, तरतरीत वाटतं हे खरंच आहे. तेवढा मंत्र चालू द्या. पुढे डोक्यात अन्नाशिवाय काही उरत नाही. १९४४-४५ च्या मिनेसोटा प्रयोगात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर त्यातले काही पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे! तुमची नायिका मंत्राच्या पोथीत पुरणपोळीचं पान शोधताना दिसू दे.

अवांतर: कथेत उपास येणारच, पण आजीला आणि तिला एका मापाने मोजू नका. आजी साबुदाण्याची खिचडी चवीने खाते आणि दुसऱ्या दिवशी उपास सोडते. ही खिचडीलाही हात लावत नाही आणि हिचा उपास सुटतच नाही.

शेवंती:
शेवटी शाप सुटतो आणि राजवाड्यात मेजवानी होते. ती ठेवू ना?

काजळमाया:
मेजवानीने ती मरेल. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाल्लं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. मेजवानी खलनायकाला देऊन टाका, कट म्हणून झकास आहे. राजवैद्य थोडं थोडं वाढवत नेईल, नाडी बघत. शाप सुटला तरी ताटाची भीती लगेच जात नाही, तेव्हा मावशीला रोज तिच्या पानाशेजारी बसवा. किशोरवयात घरच्यांनी जेवणाची जबाबदारी घेणं ही खरीखुरी उपचारपद्धत आहे.

शेवंती:
म्हणजे मंत्र लांब पोचतो, पण मधलीच अक्षरं गळतात, असं करू?

ताकपिठलं:
करा. फक्त गळलेली अक्षरं तिला ऐकू येऊ देऊ नका. मैत्रिणीला येऊ देत.