मीना उपदेशक नाही, आणि मिठू नुसता पोपट नाही

खडूफळा

परवा ‘मीना’ कार्टूनवर एक पोस्ट वाचली. दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. पोस्टचा मथितार्थ असा: मीना म्हणजे गावभर उपदेश करत फिरणारी नऊ वर्षांची बाई, तिचा भाऊ राजू बावळट, आई-बाबा पुठ्ठ्याचे. मुलांना आठवतो तो फक्त मिठू पोपट. तेव्हा शाळेत मीना राजू मंचाच्या (मुलामुलींच्या गटाच्या) तासाला हे जुनाट कार्टून दाखवण्यापेक्षा मुलांना मैदानावर सोडा.

मिठू आठवतो, कबूल. पण का आठवतो? कोंबड्यांचा भाग घ्या. राजू शाळेत जातो, मीनाला घरी ठेवलंय. ती मिठूला शाळेच्या खिडकीवर पाठवते. मिठू बेचा पाढा ऐकून येतो आणि तिला शिकवतो. त्याच हिशेबानं ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते आणि चोर सापडतो. यात उपदेशाचं वाक्य कुठे आहे? ‘मुलींना शिकवा’ असं कुणी म्हणतच नाही. कोंबडी वाचते आणि बाप स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. मिठू म्हणजे त्या गोष्टीतली पळवाट आहे. दार बंद आहे, म्हणून विद्या खिडकीतून येते. पोपट काढून घ्या, गोष्टच उरत नाही. मीना काढून घ्या, पोपटाला पाठवणारं कुणी उरत नाही.

आंब्याच्या वाटणीतही तेच. मोठा वाटा राजूला, जेवताना ताटही त्याचंच भरलेलं. दुसऱ्या दिवशी दोघं कामांची अदलाबदल करतात. मीना लाली गाईला चरायला नेते, राजू घरकाम करतो आणि दिवस मावळेपर्यंत त्याचा पार पिट्टा पडतो. राजू बावळट नाही. त्या भागात बदलतो तो राजूच. माझ्या मते सगळ्या मालिकेतलं सगळ्यात अवघड पात्र त्याचं आहे, कारण हातातलं सोडायचंय ते त्याला.

रानपाखरू

ती पोस्ट माझी. तुम्ही गोष्ट छान सांगितलीत, पण गोष्ट तुम्हाला आठवते, सर. सहावीतल्या मुलांना विचारा: पोपट कसा बोलतो? सगळे हात वर. कोंबड्या कशा मोजल्या? शांतता. ज्या कार्टूनचा हेतूच शिकवणं आहे, त्यात करमणुकीचं पात्र धड्याला गिळून बसत असेल तर तो रचनेचा दोष आहे. तो मुलांच्या माथी मारू नका.

चित्ररेषा

रचनेचा दोष म्हणताय, तर रचनेवरच बोलू. मीना घडली बांगलादेशच्या युनिसेफमध्ये, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. सार्कनं, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेनं, 1991 ते 2000 हे बालिका दशक ठरवलं होतं, तो काळ. आपल्या मुंबईच्या राम मोहन यांनी ती चितारली. सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेला माणूस. सुरुवातीचं काम मनिलात, हॅना-बार्बेरा या अमेरिकी कार्टून कंपनीच्या स्टुडिओत झालं. अडचण अशी होती की भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, सगळीकडच्या खेड्यांत ही मुलगी आपलीच वाटली पाहिजे. मुलीला कपडे घातले, केस विंचरले, की ती कुठल्या तरी एका मुलखाची होते. म्हणून तिचा पोशाख मुद्दाम अधलामधला आहे. पोपटाला ही अडचणच नाही. हिरवा रंग, लाल चोच. सिंधपासून सिल्हेटपर्यंत तो घरचाच.

दुसरं, आवाज. माणसाचं तोंड रंगवलं की ओठ अक्षराला जुळवावे लागतात. ‘प’ला मिटलेले, ‘आ’ला उघडे. भाषा बदलली की सगळं हुकतं. चोच नुसती उघडायची नि मिटायची, कुठल्याही भाषेत खपते. म्हणून हिंदी ऐका नाहीतर बांगला, मिठू दोन्हीकडे सारखाच जिवंत वाटतो, आई-बाबा मात्र कधीकधी लाकडी.

तिसरं, हालचाल. हा सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, हातानं रंगवण्याचा काळ. सेकंदाला 24 चौकटी, एकेक चित्र दोनदा वापरलं तरी सेकंदाला 12 चित्रं. तेरा मिनिटांच्या भागात एकच पात्र सतत हलवायचं म्हटलं तर 780 गुणिले 12, म्हणजे 9360 चित्रं होतात. इतकी कुणालाच परवडत नाहीत. मग मोठी माणसं उभी राहून बोलतात, नुसते हात आणि पापण्या हलतात. पक्षी उभा ठेवला तर मेलेला दिसतो, म्हणून हालचाल त्याच्या वाट्याला जाते. डोळा हलत्या वस्तूकडेच जाणार. मुलांना मिठू आठवतो त्यात मुलांचा दोष नाही आणि मीनाचाही नाही.

चिंचोका

चित्ररेषाताईंचं बरोबर, पण खडूफळा सरांनी एक गोष्ट घाईत सांगितली. बेचा पाढा येणं म्हणजे मोजता येणं नव्हे! बेचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या पोरापुढे सतरा चिंचोके टाका. ‘दोन एके दोन, दोन दुणे चार’ सुरू होतं आणि हात एकेक चिंचोका उचलत राहतो. तोंड चारवर, हात दोनवर. पाढा जोड्यांचा आहे, तर हातानं जोडीच सरकवली पाहिजे. दुसरी चूक शेवटी होते. आठ जोड्या झाल्या, एक उरला, पोर बावचळतं, कारण बेच्या पाढ्यात सतरा नाहीच. मग ते सोळा तरी सांगतं नाहीतर अठरा.

म्हणून तो भाग दाखवायचा तर ती मोजायला लागते तिथे थांबवायचा. तीन-तीन मुलांच्या गटाला मूठभर चिंचोके द्यायचे. कुणाला सम, कुणाला विषम, आणि हे आधी सांगायचं नाही. जोडीनं सरकवा, शेवटचा एकटा असेल तर एक मिळवा. मग गटातल्या एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं एक चिंचोका लपवायचा आणि पुन्हा मोजायचं. ‘एक कमी भरला’ याचा अर्थ तेव्हा हाताला कळतो. मगच पुढचा भाग लावायचा. पंधरा मिनिटं जास्त जातात, एवढंच.

रानपाखरू

बघा, म्हणजे नुसतं कार्टून पुरत नाही हे तुम्हीच म्हणताय. माझा मुद्दा तोच होता. आणि कोंबड्यांचं सोडा, तिथे चुकलं तर कोंबडी जाईल. जुलाबाचा भाग आहे, तिथे चुकलं तर मूल जाईल. तो बघून मुलं ‘पाण्यात साखर-मीठ घालायचं’ एवढंच घेऊन घरी जातात. किती पाणी, किती मीठ? चिमूट. कुणाची चिमूट?

मोजमाप

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे, कारण मंचाच्या भिंतीवरच्या तक्त्यांवरही तो चुकलेला असतो. ‘ग्लासभर पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा साखर’ असा तक्ता दिसला तर आजच उतरवा. तेवढं मीठ लहान मुलाच्या रक्तातला सोडियम धोकादायक पातळीवर नेऊ शकतं.

घरगुती प्रमाण असं: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. छोटा चमचा म्हणजे 5 मिलिलिटरचा. घरातले चहाचे चमचे लहानमोठे असतात, म्हणून खोकल्याच्या औषधाच्या झाकणावरची 5ची रेघ बघायची, तेवढं पाणी आपल्या चमच्यात ओतायचं. काठोकाठ बसलं तर चमचा बरोबर, सांडलं तर लहान. सपाट म्हणजे शीग नाही. सुरीची पाठ फिरवून वरचा ढीग पाडायचा. लिटर मोजायला विकतच्या पाण्याची एक लिटरची बाटली. तांब्या नको, एकाचा तांब्या सव्वा लिटरचा, दुसऱ्याचा पाऊण.

साखर जास्त झाली तरी वाईट. ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. गोड डबाबंद पेयं म्हणूनच नकोत.

आणि ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या साखर-क्षारांची तयार पुडी मिळत असेल तर पुडीच. त्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 2.9 ग्रॅम सायट्रेट, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, एकूण 20.5 ग्रॅम, एका लिटरला. घरच्या पाण्यात पोटॅशियम नसतं. पुडीची नेहमीची चूक अशी, की लिटरची पुडी एका ग्लासात ओततात, किंवा अर्धी आज, अर्धी उद्या. बाजारात 200 मिलिलिटरचीही छोटी पुडी असते, म्हणून फाडण्याआधी आकडा वाचायचा. पूर्ण पुडी, पूर्ण पाणी, झाकून ठेवायचं आणि 24 तासांनी उरलेलं फेकायचं.

खडूफळा

मोजमाप, माहिती उत्तम आहे, पण विषय पात्रांचा चाललाय.

मोजमाप

विषय हाच आहे, सर! पात्र लक्षात राहिलं आणि माप राहिलं नाही तर त्या पात्राचा उपयोग काय?

पदरखोच

चिमटीला इतकं हिणवू नका. मीना ज्या देशात जन्मली तिथे 1980 ते 1990 या दहा वर्षांत ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या बायका दारोदार फिरल्या, एक कोटीहून जास्त घरांत. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. चमचा नाही, तराजू नाही. आणि मुळात ओआरएसचा धाडसी वापर झाला तोही 1971मध्ये, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत. डॉ. दिलीप महालनबिस यांनी सलाइन संपल्यावर पिंपात पाणी कालवून लोकांच्या घरच्यांच्या हाती दिलं. प्रयोगशाळेची शिस्त गावावर लादली की गाव काहीच करत नाही. बाई पुडीची वाट बघत बसते आणि तेवढ्यात मूल सुकतं.

मोजमाप

महालनबिसांचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. त्या पिंपांत ग्लुकोज आणि मीठ तोलूनमापून घातलेलं होतं. आणि ब्रॅकचं अर्धंच सांगितलंत. त्या कार्यकर्त्या नुसतं सांगून निघून जात नव्हत्या, बाईकडून समोर करवून घेत. नंतर दुसरं माणूस येऊन तिला पुन्हा करायला लावी, नमुना तपासला जाई आणि बाईला किती जमलं यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. चिमूट चालली ती या तपासणीमुळे. आपल्याकडे तपासणी कुठे आहे? तक्ता चिकटवला, फोटो काढला, मंचाचा उपक्रम झाला.

पदरखोच

फोटोबद्दल शंभर टक्के सहमत. 24 सप्टेंबरला मीना दिवस म्हणून रांगोळी, घोषणा, पाहुण्यांचा सत्कार. त्या दिवशीही सतरंज्या मुलीच उचलतात आणि मुलगे माइक लावतात. आंब्याचा भाग दाखवून झाल्यावर प्लेटा कुणी धुतल्या ते बघा! अदलाबदल करायचीच तर तिथून करा. एक आठवडा पाण्याचं पिंप भरणं, वर्ग झाडणं मुलग्यांकडे. घंटा, माइक, खेळाच्या सामानाची किल्ली मुलींकडे. किल्ली म्हणतेय मी, कारण किल्ली दिल्याशिवाय मैदान मिळत नाही. रानपाखरू, तुम्ही मुलांना मैदानावर सोडा म्हणालात, तिथे मुली कुठे उभ्या असतात ते कधी पाहिलंत?

रानपाखरू

हे माझ्यावर कशाला? मी मुलामुलींत फरक करा असं कुठेही लिहिलेलं नाही.

पदरखोच

लिहिलं नाहीत. पण ‘मीना उपदेशक’ लिहिलंत. नऊ वर्षांचा मुलगा हेच बोलला असता तर त्याला चुणचुणीत म्हटलं असतं.

रानपाखरू

… हे मला खोडता येत नाही. ‘बाई’ हा शब्द चुकला, मागे घेतो. पण तीन इच्छांचा भाग घ्या. स्वप्नात जिन येतो, मीना मागते काय? सगळ्यांनी संडास वापरावा, हात धुवावे, स्वच्छ पाणी प्यावं. कुठलं मूल जिनाकडे संडास मागेल? हा उपदेशच आहे, यावर मी ठाम आहे.

चित्ररेषा

हे पटतं. तो भाग मलाही मालिकेतला कच्चा वाटतो. कोंबड्यांमध्ये मीनाला स्वतःला काहीतरी हवं असतं, म्हणून ती धडपडते. तीन इच्छांमध्ये तिला जे हवंय ते सरकारी खात्याला हवंय. पात्र तिथे फळ्यासारखं होतं.

पदरखोच

मला नाही पटत. ज्या घरात संडास नाही तिथली मुलगी अंधार पडायची वाट बघत दिवसभर कमी पाणी पिते. ती जिनाकडे संडासच मागेल. मैदानावरच्या मुलाला ते सुचणार नाही, एवढंच.

चिंचोका

आता जुलाबाच्या भागाचं सांगतो, कारण तो असाच सोडला तर पुन्हा तक्ताच लागेल. माझी पद्धत तीच, हाताला करायला लावा. टेबलावर एक लिटरची बाटली, तीन वेगवेगळे चमचे, औषधाचं झाकण, साखर, मीठ आणि सुरी. आधी मुलांनीच चमचा तपासायचा. मग पाच जणांनी पाच कागदांवर चिमूटभर मीठ टाकायचं आणि कागद शेजारी शेजारी मांडायचे. ढीग दुपटीनं वेगळे दिसतात. ‘कुणाची चिमूट?’ याचं उत्तर त्या कागदांवर असतं.

मोजमाप

छान. त्यात दोन गोष्टी घाला. शेवटी चव घ्यायची: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, पुन्हा करा. आणि पाजायचं कसं तेही करून दाखवा. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, त्यावरच्यांना 100 ते 200, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून हळू. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या 14 दिवस. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, मूल पीतच नाही किंवा मलूल पडलंय, तर मापं करत बसू नका, दवाखाना गाठा.

रानपाखरू

पाच कागदांचं मला आवडलं, हे मान्य करतो. मैदानाचा मुद्दा सोडलेला नाही. पण एक विचारतो: हे सगळं मिठूकडून का नाही करवून घ्यायचं? एका मुलानं मिठू व्हायचं, मुद्दाम चुकीचं माप ओरडायचं, ‘मीठ सहा, साखर अर्धा!’, आणि बाकीच्यांनी त्याला पकडायचं. पोपटच आठवणार असेल तर माप पोपटाच्या चोचीत द्या.

खडूफळा

हे करता येईल. फक्त मिठू करणाऱ्याला शेवटी बरोबर माप तीनदा म्हणायला लावा, नाहीतर वर्गाला चुकीचंच पाठ होईल. आणि पदरखोचताई म्हणतात तसं, नंतर टेबल पुसायचं काम मुलग्यांकडे.

मोजमाप

चुकीचं माप म्हणून सुद्धा मोठ्यानं ओरडू नका. मला हे अजिबात मान्य नाही. बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या पोराला तेवढंच ऐकू जाईल. त्यापेक्षा मिठूनं ‘चिमूट, चिमूट!’ ओरडावं आणि मुलांनी ‘कुणाची?’ विचारावं.